पोटाशी सैल, बाह्यांत घट्ट

माझ्या हातचा स्वेटर आजवर कुणाला तसूभरही ढगळ झाला नव्हता की आखूड झाला नव्हता! लेकीचं लग्न ठरलं तेव्हा हे मी होणाऱ्या जावयाला भर बैठकीत सांगून टाकलं. "लग्नानंतर तुम्ही नोकरीसाठी थंड गावी जाणार ना? निघायच्या आत तुमचा स्वेटर तयार!"

माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, कोणत्या वर्षी निघायच्या आत, तेही सांग की!"

झालं! आता स्वेटर वेळेत झाला नसता, तर वन्संनी मला जन्मभर उभं-आडवं विणलं असतं.

मी त्याच दिवशी लोकर आणली आणि काय सांगू, माझ्या सुया अशा पळू लागल्या की घरातले वळून वळून बघायचे. ऐन थंडीत मी पंख्याखाली घाम पुसत विणायची आणि आमचे हे बाजूला दोन पांघरुणांत! चौघांचं जेवण एकटी जेवायची, तरी वाळत चाललेली. हात थरथरत होते, छातीत पिठाची गिरणी चालू. मी म्हटलं, लेकीच्या लग्नाची हौस ही!

ह्यांनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "काकू, ही हौस नाही, थायरॉईड आहे. गळ्यातली ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त काम करतेय."

"चला, घरात कुणीतरी काम करतंय म्हणायचं!" मी ह्यांच्याकडे बघत म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचं हं," बाईंनी बजावलं होतं. पण लग्नाच्या गडबडीत रक्त कुणाला आठवतंय! लग्न पार पडलं आणि माझी पार मालगाडी झाली. एक टाका घालायचा, एक डुलकी काढायची. आता पांघरुणं माझ्या अंगावर आणि पंखा ह्यांचा.

"अगं, ही स्वेटरची पाठ आहे की मासे धरायचं जाळं?" ह्यांनी विचारलं. त्याला उत्तर द्यायचाही मला कंटाळा आला, यावरून काय ते समजा!

तपासणीत कळलं की थायरॉईड आता फारच खाली गेलाय. बाई म्हणाल्या, "गोळी कमी करतेय. कमी, बंद नाही! आपल्या मनाने काही करायचं नाही."

मी मान हलवली. पण जावई निघायला थोडेच आठवडे उरले होते, आणि बाह्यांचा अजून पत्ता नव्हता. रोज वन्संचा फोन, "काय गं वहिनी, गळ्यापर्यंत आलं का?" मी विचार केला, गोळीने वेग गेला, म्हणजे गोळी सोडली की वेग परत! किती सोपं! गोळ्या लोकरीच्या टोपलीत तळाशी गेल्या आणि हळूहळू सुयांना पुन्हा पंख फुटले. बाह्या झाल्या, गळा झाला!

निघायच्या आदल्या दिवशी, वन्संना मुद्दाम बोलावून, मी जावयाच्या अंगावर स्वेटर चढवला. काठाने बिचाऱ्याची कंबर आवळली. पोटावर एवढी जागा की त्यात एक उशी मावली असती. आणि बाह्या इतक्या घट्ट की हात आडवे ते आडवेच! शेतातल्या बुजगावण्यासारखा तो उभा.

"छान ऊब आहे, आई," तो म्हणाला.

वन्सं हसून हसून खुर्चीत कोसळल्या. आणि मीही खाली बसले, पण हसून नव्हे. छातीतली गिरणी पुन्हा सुरू झाली होती! ह्यांचा चेहरा पांढराफटक. सगळे मला घेऊन दवाखान्यात धावले. जावईसुद्धा तसाच, कारण स्वेटर निघेना!

बाईंनी माझी नाडी बघितली, मग जावयाकडे बघितलं. मग उठून स्वेटर चाचपू लागल्या.

"काकू, हा काठ कधी विणलात?"

"गोळ्यांच्या आधी."

"आणि हे मधलं?"

"गोळ्या जास्त झाल्या होत्या तेव्हा."

"आणि बाह्या?"

मी छताकडे बघू लागले.

"काकू! या बाह्या गोळी न घेता विणल्यात!"

"माझ्या स्वेटरसाठी गोळ्या सोडल्यात, आई?" जावयाने विचारलं. रागवावं की रडावं, त्याला समजेना. कपाळाला हात लावावा तर तो वळेना. "उद्याचं निघणं रद्द. तुमची नाडी जागेवर आल्याशिवाय मी हलणार नाही!"

घरी येऊन वन्संनी टोपलीच्या तळाच्या गोळ्या शोधून काढल्या आणि सुया मात्र जप्त केल्या!

पुढे वेळच्या वेळी गोळी, वेळच्या वेळी तपासणी. तरी काही महिने आकडे वरखाली झालेच, पण शेवटी ठिकाणावर आले. मग मी जावयाला दुसरा स्वेटर विणून पाठवला. एकेक टाका असा की मोजून घ्यावा! त्याने तो कौतुकाने घातला, काही वर्षं वापरला आणि मग कपाटात ठेवून दिला.

हल्ली तो येतो तेव्हा अंगात तो पहिलाच स्वेटर असतो. बाह्या लेकीने उसवून पुन्हा विणल्यात, काठही. मधल्या भागाला मात्र हात लावावा लागलेला नाही. तिथे त्याचं पोट अगदी चपखल बसतं!

"वहिनी, माप तुझं बरोबरच होतं गं," वन्सं म्हणतात, "फक्त पंचवीस वर्षं आधी घेतलंस!"