मजा येत असल्याचा दाखला

कोबिलोच्या मुलीची सोयरीक ठरायची होती, आणि मोठ्या मावशीनं मुरसिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, तुंबा आणून पाहुण्यांच्या हातात दिल्याशिवाय बोलणी सुरू करण्याची त्या घरात पद्धत नव्हती. पाहुणे दुपारपर्यंतच थांबणार होते. मावशी म्हणजे तापलेलेईबाई. वय चौसष्ट, वजन त्याहून बरंच अधिक, आणि तेही पिठाच्या दुकानात वीस वर्षं बसून कमावलेलं.

त्या राहत केरिओ खोऱ्याच्या तळाशी. कोबिलोचं घर कड्याच्या निम्म्या उंचीवर. लहानपणी ह्याच चढाच्या वाटेनं बाई आणि कोबिलो, दोघी बहिणी, शाळेत जायच्या, पाठीला दुधाचा तुंबा बांधून, पायात काही न घालता. तेव्हा त्याला धावणं म्हणत नसत, उशीर झालाय म्हणत. हल्ली मोटरसायकलवाला बाईंना बहिणीच्या दारात नेऊन सोडी.

त्या शनिवारी मात्र मोटरसायकली बंद होत्या. वाटेवर दोरी बांधली होती, आणि दोरीवर पाटी: ‘मौजेची डोंगरधाव. आज ह्या वाटेवर फक्त मजा करणाऱ्यांना प्रवेश.’

दोरीपाशी मौज समितीचे चिटणीस बार्मासाय गळ्यात शिट्टी घालून उभे होते.

“बाजूला हो बाळा, बहिणीकडे जायचंय.”

“बहिणीकडे जाणं हे काम झालं, आजी. कामाची माणसं सोमवारपासून.”

“मग मला बहिणीकडे जायला मजा येते, असं लिही.”

“मजेसाठी धावावं लागतं.”

बाईंनी सूर्याकडे पाहिलं, तुंब्याकडे पाहिलं, आणि अर्ज भरला. ‘धावण्याचा हेतू’ ह्या रकान्यात ‘आनंद’ हा शब्द छापूनच आलेला होता. खाडाखोड केल्यास अर्ज बाद होणार होता. परिचारिकेनं नाडी धरून विचारलं, “शेवटचं कधी धावला होतात?”

“सासऱ्यांनी हाक मारली तेव्हा.”

“अनुभवी,” परिचारिकेनं लिहिलं.

नियमाप्रमाणे प्रत्येक धावपटूजवळ एक लिटर पेय हवं होतं. तुंब्यात दोन लिटर मुरसिक होतं. बार्मासायनी खूश होऊन तुंब्याच्या तोंडावर लाखेचं सील ठोकलं. ते कड्याच्या माथ्यावरच्या शेवटच्या रेषेपर्यंत फोडायचं नव्हतं. छातीवर एकशे बेचाळीस नंबर लागला आणि शिट्टी वाजली.

एकशे एक्केचाळीस जण हरणासारखे गेले. बाई निघाल्या. त्यांच्या मागे शेपूट-अधिकारी निघाला. शेवटच्या माणसाच्या मागे राहणं हीच त्याची नेमणूक होती. दर किलोमीटरला एक माणूस वही घेऊन विचारी, “मजा येतेय का?” नाही म्हटलं तर प्रकृतीच्या कारणावरून बाद. बाईंना हो म्हणायलाही श्वास उरला नव्हता. त्या नुसते डोळे फिरवत. वहीत ‘अतिशय’ अशी नोंद होई.

चौथ्या किलोमीटरला आपल्या घराच्या कुंपणाशी कोबिलो उभी होती.

“ताई, धावतेस की पिठाचं पोतं घरंगळतंय?”

“पोतं... वर कसं घरंगळेल गं मेले!”

बाईंनी कुंपणाकडे पाऊल टाकलं, तशी मागून शिट्टी वाजली.

“वाट सोडलीत तर तुम्ही बेपत्ता,” शेपूट-अधिकारी म्हणाला. “मग शोधपथक बोलवावं लागतं.”

“अरे, तुझ्यासमोर तर उभी आहे!”

“नियमात दिसणारा बेपत्ता आणि न दिसणारा बेपत्ता असा फरक नाही. आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबता येत नाही.”

“निदान तुंबा देऊ दे.”

“सीलबंद आहे.”

अंगणात नवऱ्या मुलाचे काका, चेसिरे, टोपी घालून निघायला उठले होते. सात पिढ्यांची कुळं विचारून दोन सोयरिकी सहाव्या पिढीवर मोडल्याची त्यांची ख्याती होती. “मुलीची मावशी दारावरून पुढे निघून जाते,” ते म्हणाले, “म्हणजे ह्या घरात काहीतरी आहे.”

कोबिलोचे ओठ थरथरायला लागले. बाईंनी ते पाहिलं. शाळेत उशीर झाल्यावर छडीच्या आधी ते असेच थरथरत.

“चेसिरेदादा,” त्या ओरडल्या, “दारावरून जाते कसली, तुम्हाला न्यायला आलेय! तुंब्याचं सील वर फुटणार आहे. या, चालता चालता विचारा काय ते!”

म्हातारी चढतेय आणि आपण बसून राहिलो, असं कोण म्हणवून घेईल? चौदा माणसं वाटेवर आली. शेपूट-अधिकाऱ्याकडे वाट सोडणाऱ्यांसाठी नियम होता, वाटेवर येणाऱ्यांसाठी नव्हता. मुलगी लाजत सर्वांत मागून.

“मुलीच्या आजीचे वडील कोणत्या कुळाचे?” चेसिरेंनी सुरुवात केली.

“हत्तीच्या.”

“त्यांचे... वडील?”

“विचारा, विचारा. पुढे चढ आहे.”

“त्यांच्या... आईचे...” चेसिरे एका खडकावर टेकले. तिसरी पिढी चालू होती. “पुरे. माणसं चांगली दिसतात.”

वर मंडपात प्रमुख पाहुणे दोन तास खोळंबले होते. शेवटचा धावपटू आल्याशिवाय त्यांना भाषण करता येत नव्हतं. बाईंनी रेषा ओलांडली, सील फोडलं आणि तुंबा चेसिरेंच्या हातात दिला. चेसिरे प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत बसूनच घटाघटा प्यायले. सोयरीक ठरली. बार्मासायनी बाईंना मजा येत असल्याचा दाखला दिला, आणि मग त्यांचं लक्ष गेलं, की चौदा जणांनी नोंदणीशिवाय मजा केली आहे.

समितीची बैठक बसली. पुढल्या वर्षी ‘सोयरीक गट’ सुरू झाला. शहरातून चारशे जण आले, आपापली मावशी घेऊन. ज्यांना मावशी नव्हती त्यांना समितीनं भाड्यानं दिली. रोज ह्याच वाटेनं जाणाऱ्या सरपणवाल्या बाया दोरीपलीकडे दुपारपर्यंत थांबल्या.

त्या सकाळी नवे कोरे बूट घातलेला एक गृहस्थ तापलेलेईबाईंच्या दुकानाशी आला.

“आजी, इथे मोटरसायकल मिळेल का? धाव सुरू होते तिथपर्यंत जायचंय.”

“ती काय, दोरी दिसतेय.”

“हो, पण तिथपर्यंत चालायचं कशाला?”

तापलेलेईबाई पोट धरून हसल्या. तुम्हीही हसलात. हरकत नाही. परवा तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून कोणाकोणाला फोन गेले, ते इथे लिहीत नाही.