बटाट्याचा बिबट्या

लोकांना बनवण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात अजून जन्मला नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

आमची टेकडी टकलासारखी बोडकी. गावानं मिळून चर खणले, रोपं लावली, आणि बकऱ्यांनी ती फस्त करू नयेत म्हणून राखणीच्या पाळ्या ठरवल्या. त्याही दुपारच्या! ऐन माझ्या झोपेच्या वेळी!

मग मी डोकं लढवलं. एका दांडग्या बटाट्यावर पंजा कोरला आणि चरातल्या ओल्या मातीत ठसे उमटवत सुटलो. बिबट्याच्या भीतीनं बकऱ्या येणार नाहीत, मग राखण हवी कशाला?

"अहो, तो मोठा बटाटा कुठे गेला?" बायकोनं विचारलं.

"बिबट्यानं नेला!"

सकाळी गाव कसं टरकतं ते बघायला गेलो, तर टेकडीसाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षीणबाई आनंदानं नाचायच्याच बाकी! "बिबट्या आला! म्हणजे आपलं जंगल परत आलं! आता राखण आणखी कडक करायची!"

घ्या! झोप गेली ती गेलीच. वर ठसे वाढायला लागले. मी गेलोच नव्हतो त्या वाटांवर! कुठे सहा बोटं, कुठे फरपटलेला पाय, एक पंजा तर चक्क चौकोनी! बटाटा माझ्या नकळत फिरायला जातो की काय?

शेवटी कुणीतरी वनरक्षकाला बोलावलं. जमलेल्या सगळ्या गावासमोर तो वाकून वाकून ठसे बघत घामाघूम झाला.

"पाच बिबटे आहेत इथे! टेकडी बंद करावी लागेल. उद्यापासून गावातलं कुणीही वर यायचं नाही."

"आणि आमची रोपं?" अध्यक्षीणबाईंचा आवाज चिरकला. "पाणी कोण घालणार? उन्हात करपून जातील हो!"

आता माझ्याच्यानं राहवेना. खिशातून बटाटा काढला. "साहेब, यातला एक माझा."

शिंपी खाकरला. "सहा बोटांचा माझा. झोप कुणाला नको असते?"

"लंगडा माझा," न्हावी म्हणाला. "स्पंजचा पंजा कापला होता, तो हातातून निसटत होता."

"आणि हा चौकोनी?"

अध्यक्षीणबाई लाजून लालेलाल! "मधे ठसे दिसेनात, म्हटलं लोकांचा उत्साह जायला नको. लाकडाचा ठोकळा होता हाताशी."

सगळे पोट धरून हसलो. वनरक्षक तेवढा हसेना. "चार झाले. हा पाचवा कुणाचा?"

"तुझा?"

"छे! तुझा?"

मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? मला घरातलाच एक पुरे झालाय!"

वनरक्षकानं टोपी घट्ट केली. "एकच असेल तर राहू द्या त्याला. टेकडी उघडी ठेवतो, पण यापुढे जोडीनं यायचं." आणि जीपकडे असा निघाला, की चालतोय की पळतोय तेच कळेना!

टेकडी हिरवीगार झालीय. दुपारी मी आणि शिंपी पाठीला पाठ लावून, डोळे ताणून बसतो. पान हललं तरी एकमेकांना मिठी मारतो. चुकून एखादी बकरी आलीच, तर तिला हाकलायचं सोडून मीच म्हणतो, "बस गं बाई जरा, तेवढीच सोबत!"