धुण्याच्या पावडरीची मावशी

फिलिपिनो ग्राहक हा कुटुंबवत्सल प्राणी आहे, असा निष्कर्ष आमच्या कंपनीने सिंगापूरच्या सल्लागारांना भरभक्कम फी देऊन काढला. माझ्या आईने तो तांदूळ निवडता निवडता सांगितला असता. पण तिच्याकडे स्लाइड्स नाहीत. अहवालात पुढे म्हटलं होतं की हा प्राणी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, टीटावर ठेवतो. टीटा म्हणजे मावशी, आत्या, काकू, आईची मैत्रीण, कोणीही. फक्त तिने आगाऊपणे चौकशी केली पाहिजे. सबब, 'बुलाक' धुण्याच्या पावडरीचा ग्राहकसेवा कक्ष बंद करून त्या जागी एक टीटा नेमावी, असा ठराव झाला.

नेमणूक माझी झाली. मी क्रिसांतो, मला मिशी आहे, आणि मी पाच महिन्यांच्या करारावर होतो. मांडालुयोंगच्या ऑफिसात बसायचं आणि फेसबुकवर येणाऱ्या प्रत्येक मेसेजला 'टीटा नेनिंग' या नावाने उत्तर द्यायचं.

"टीटा खोटी आहे असं ख्रिसमसपर्यंत एकाही ग्राहकाने म्हटलं नाही, तर तू कायम," आमचे साहेब सर विली म्हणाले.

"आणि म्हटलं तर?"

"तर तू घरी. तुझ्यामागोमाग मी."

कायम होणं म्हणजे माझ्यासाठी लग्न होणं होतं. लिगायाच्या बापाने तोंडावर सांगितलं होतं, "करारावरच्या माणसाला मी पोरगी करारावरच देईन."

मग टीटाच्या स्वभावाचं परिपत्रक निघालं. ग्राहकाने किंमत विचारल्यास प्रथम 'जेवलीस का?' असे विचारावे. ग्राहकाने फोटो टाकल्यास 'जाड झालीस गं' असे लिहिणे बंधनकारक राहील. अविवाहित ग्राहकास लग्नाबद्दल छेडावे. झालं! मी दिवसभर अख्ख्या देशातल्या पोरींना 'लग्न कधी?' विचारत सुटलो, आणि माझंच लग्न अडकून पडलेलं.

मालाबोनच्या रोवेनाने एकदा लिहिलं, "पावडरीत खडे आहेत. पैसे परत करा."

"आधी सांग, जेवलीस का बाळा?"

"नाही."

"फोटोत पोट दिसतंय, दिवस गेलेत ना तुला? मग उपाशी काय राहतेस, बये?"

त्यावर तिने नवरा दुबईला कसा गेला, सासू कशी टोमणे मारते, पाय कसे सुजतात, असं सगळं भडाभडा लिहिलं. खड्यांची तक्रार तिथेच विरघळली. खडे विरघळले नसावेत.

खप वाढला. सिंगापूरहून केक आला. आणि रोवेनाला मुलगी झाली तेव्हा तिचा मेसेज आला, "टीटा, हिच्या निनांग तुम्हीच व्हायचं."

निनांग म्हणजे बाप्तिस्म्याची धर्मआई. नाही म्हटलं तर बाळाला अपशकुन. मी धावत सर विलींकडे गेलो, त्यांनी सिंगापूरला विचारलं. 'ग्राहकाशी आजन्म नाते हेच आमचे ध्येय. त्वरित मंजूर,' असं उत्तर आलं. चर्चमध्ये टीटाच्या बदली रोवेनाची शेजारीण उभी राहिली, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत 'नेनिंग बुलाक' हे नाव चढलं. कंपनीने तो फोटो मोठ्या हौसेने पेजवर टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या रविवारपर्यंत इतक्या आयांनी बाळं पुढे केली की ऑफिसात 'धर्मापत्य मंजुरी विभाग' उघडावा लागला.

धर्माची पोरं ख्रिसमसला काय करतात, हे सिंगापूरला कोणीच सांगितलं नव्हतं. ती सकाळी सकाळी निनांगच्या दारात येतात. तिचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात, आणि मग स्वतःचा हात पसरतात, पाकिटासाठी.

मी हा विषय काढताच सर विलींचा चेहरा उतरला. ते स्वतः दर ख्रिसमसला घरात दिवे बंद करून बसतात आणि बायको फाटकातून सांगते, "हे सेबूला गेलेत."

"तेच करू," ते म्हणाले.

'टीटा कॅनडाला गेली आहे' अशी पोस्ट टाकली. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला: "अगदी खरी निनांग आहे हो!" विश्वास दुपटीने वाढला. आणि कॅनडाला गेलेली निनांग घरातच असते, हे पोराटोरांनाही ठाऊक असल्यामुळे ख्रिसमसच्या सकाळी ऑफिसपुढे रांग लागली.

"टीटा आजारी आहे, फक्त हात दाखवेल," असं जाहीर झालं. प्रश्न आला, हात कोणाचा? सर विलींच्या हातावर अस्वलासारखे केस. मग माझा हात साबणाने घासला, त्यावर पावडर थापली, सर विलींच्या बायकोची बांगडी चढवली आणि फाटकाच्या झरोक्यातून तो बाहेर काढला. पोरं एकेक करून कपाळ टेकवू लागली. बाजूने सर विली पाकिटं देत होते. पाकिटात कोरी नोट नव्हती, 'बुलाक'ची पुडी होती.

तेवढ्यात एक हात माझं मनगट धरून बसला. सोडेचना.

"मी रोवेना. हे मनगट बाईचं नाही."

लग्न गेलं, नोकरी गेली, सर विलीही गेले. मी बारीक आवाज काढला, "संधिवात गं बाळा..."

"गप रे मेल्या! पहिल्याच दिवशी कळलंय मला. कुठली टीटा दोन मिनिटांत उत्तर देते? आणि दुसऱ्याचं ऐकताना मधेच स्वतःचं दुखणं काढत नाही?"

"आणि रांगेतल्या बाकीच्यांना?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग आलात कशाला?"

"मला सख्ख्या तीन मावश्या आहेत. पोरगी झाली तेव्हा तिघींनी निळा अंगठा पाठवला. टाके दुखतात का, हे तू विचारलंस. पगार घेऊन का होईना, विचारलंस ना?" तिने बाळाचं कपाळ माझ्या हाताला टेकवलं, आणि रांगेकडे वळून ओरडली, "टीटांचा हात गार पडलाय हो! कोणीतरी गरम सूप आणा!" मग दोन पुड्या जास्तीच्या मागून घेऊन गेली.

मी आत येऊन कबूल केलं, "सर, त्यांना सगळं माहीत आहे."

"टीटा खोटी आहे असं कोणी म्हटलं?"

"म्हटलं नाही कोणी."

"मग नियमात बसतं. तू कायम."

माझा हुद्दा आता 'टीटा, श्रेणी दोन' असा आहे. तो ऐकून लिगायाच्या बापाने विचार करायला आठवडा मागून घेतला, पण शेवटी हो म्हणाला.

योजना आता इतर देशांत निघाली आहे. तुमच्याकडे मावशी चालेल की आत्या, यावर सिंगापुरात अजून वाद चालू आहे. आत्या जरा तिखट पडते म्हणे. एखाद्या दुपारी तुम्हाला अनोळखी मेसेज येईल, 'गुडघा कसा आहे रे आता?' आपण नाही बुवा असल्यांना उत्तर देणार, असं तुम्ही आत्ता म्हणताय. ठीक आहे, नका देऊ. फक्त गेल्या महिन्याभरात तुमच्या गुडघ्याची दुसऱ्या कोणी चौकशी केली आहे का, तेवढं आठवून बघा.