थांबणारे भालेराव सर

भालेराव सर प्रश्न विचारतात आणि थांबतात. तुमच्या-आमच्यासारखं घड्याळाकडे बघत नव्हे. हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून, समोरच्याच्या ओठांकडे बघत उभे राहतात. फार तर म्हणतील, "सावकाश. मी थांबलोय."

जामखेडला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि वरच्या मजल्यावर सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास. पूर्वी तिथं मोठी माणसं यायची. बढतीच्या वाटेवरचे कारकून, अंगणवाडीच्या बाई, खतांचे दुकानदार. सरांची पद्धत ठरलेली. शब्द आधी मराठीत म्हणायचा, मोठ्यानं, मग इंग्रजीत. "तोंड आधी आपल्या भाषेनं उघडतं," असं ते सांगायचे.

खर्ड्याचे एक कांदा व्यापारी एकदा उत्तर द्यायला उभे राहिले, आणि उत्तर यायच्या आत त्यांची शेवटची एसटी निघून गेली. व्यापारी म्हणाले, "सर, तुमी बसा म्हना, म्हंजी मी बसतो."

"बसू नका. तोंडाशी आलंय."

आणि खरंच आलं. मुक्काम अर्थातच सरांच्या घरी पडला. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पिठलं-भाकरी वाढली आणि जेवण संपेपर्यंत व्यापाऱ्याला एक शब्द बोलू दिला नाही. काकूंचं बोलणं म्हणजे धबधबा. घरात सरांवर थांबायची वेळ कधी आलीच नाही, ऐकायचीच यायची.

मग दिवस फिरले. काकूंना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. सर घरचं बोलेनासे झाले. इकडे मोठी माणसं मोबाईलवर भाषांतर करून वेळ भागवू लागली. क्लासला आता येत होती ती पुण्यात नोकरी शोधणारी पोरं, आणि त्यांना हवे होते व्हिडिओ.

लग्नाचे फोटोही लोक आता मोबाईलवरच काढतात, त्यामुळे मला वेळच वेळ होता. सर म्हणाले, "काळ बदलला की फळा बदलायचा. घ्या कॅमेरा."

मी कॅमेरा लावला. सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "पाणी. म्हणा." आणि थांबले. समोर काळं कुत्रं नाही, आणि हे मान तिरकी करून लेन्सच्या ओठांकडे बघतायत. मला डुलकी लागली. बऱ्याच वेळानं त्यांनी मान डोलावली. "शाब्बास. आता वॉटर."

ग्रुपवर पोरांनी धुमाकूळ घातला. "सर, व्हिडिओ अडकला." "नेट गेलं काय?" सरांनी एकेकाला उत्तर लिहिलं, अडकलेला नाही, मी थांबलोय. कर्जतची प्राजक्ता सगळ्यांत हुशार. ती स्टुडिओत येऊन मला म्हणाली, "सर शिकवत्यात लई भारी. पन पानी म्हनायला येतं ओ आमाला. माझी मुलाखत जवळ आली हाय, एवढं थांबायला टाइम कुनाला हाय?" तिचं काही चुकत नव्हतं. एकेक पोरगं गळायला लागलं, तेव्हा मीच सरांना सांगितलं की मधलं कापू या, नाहीतर क्लासला कुलूप लागेल.

सर म्हणाले, "कापा. त्यांचं बरोबर आहे." जिन्यापाशी जाऊन परत आले. "पण न कापलेलं पुसू नका. ते मला द्या."

म्हाताऱ्याचा हट्ट, असं म्हणून मी सोडून दिलं. कापलेले धडे चालले, पोरं परतली. सरांनी एकदा स्वतःलाच त्यात बघितलं. "हा माणूस कोण हो? फार घाईत दिसतो."

एका दुपारी न कापलेल्या धड्यांचा पेनड्राइव्ह द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सर क्लासवर होते. दार उघडं, काकू कॉटवर, आणि समोर टीव्हीवर मीच काढलेला जुना, न कापलेला व्हिडिओ चालू.

"पाणी. म्हणा," टीव्हीतले सर म्हणाले आणि मान तिरकी करून थांबले.

काकूंचे ओठ हलले. नुसता श्वास आला. सर थांबलेलेच. मी उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिलो. "पा," काकू म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानं, "नी."

"शाब्बास," सर म्हणाले. वॉटर आलं तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं. इंग्रजीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"भाकरी. म्हणा."

काकूंनी ओठ मिटले. मिटलेले ओठ थरथरले, पण उघडले नाहीत. एवढ्यात सरांनी मान डोलावली, शाब्बास म्हटलं आणि ते पुढच्या शब्दाकडे गेले. ज्या बाईनं अख्ख्या तालुक्याला बोलून बोलून जेवू घातलं, तिनं मांडीवरच्या हाताकडे बघत मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं. पेनड्राइव्ह कोनाड्यात ठेवून मी परत फिरलो.

संध्याकाळी सर खाली आले तेव्हा मी म्हणालो, "काकूंना पाणी आलं. भाकरी राहिलं."

सर एकदम जवळ आले. "कुठपर्यंत आलं होतं?"

"ओठ मिटले होते."

"म्हणजे येतंय," ते म्हणाले. "मी कमी थांबलो. उद्या परत घेऊ."

दुसऱ्या दिवशी सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, भाकरी म्हणाले आणि थांबले. वर पोरं जमली होती, त्यांचा गलका जिन्यातून खाली येत होता. सरांनी मान डोलावली नाही. मीही कॅमेरा बंद केला नाही.