मेस्ताचा गळा

येत्या रविवारी आपण गायचं नाही, असं इनास मेस्ताने ठरवलं तेव्हा तो काखेत फिडल मारून टेकडीवरून खाली उतरत होता. वरच्या खुरसापुढची, म्हणजे क्रुसापुढची, लदीन नुकतीच संपली होती. संध्याकाळपासूनची ही तिसरी! मे महिना म्हणजे मुंबईकर गावात. आणि मुंबईकर गावात म्हणजे लग्नं, बाप्तिस्मे आणि खुरसाखुरसापुढे लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना. प्रत्येक ठिकाणी पहिला सूर लावून लोकांना गायला लावणारा मेस्त मात्र एकच. लग्न झाल्यापासून बिचाऱ्याने रविवारची पेज कधी गरम खाल्ली नव्हती!

बेत साधा होता. आवाज गेला म्हणायचं, बस्स! गळ्याकडे बोट दाखवायचं आणि आडवं व्हायचं. त्यात चुकण्यासारखं आहे काय? बायकोलासुद्धा त्याने सांगितलं नाही. रोजालीनला गुपित सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवण्यासारखं.

रविवारी सकाळी त्याने गळ्याकडे बोट दाखवलं.

"आवाज गेलो?" रोजालीन किंचाळली. "खंय गेलो? काल तर बरे वरडत होतात!"

इनासने दीनवाणी मान हलवली. पेजेचा वाडगा जवळ ओढला. तेवढ्यात मासेवाली गंगू पाटी उतरवून थेट घरातच आली.

"पेज नको गो ह्येंका! कढो देवया. माझ्या सासऱ्याचो आवाज असोच गेल्लो."

मिरी, सुंठ, अडुळसा आणि आणखी काय काय घालून गंगूने जो काढा उकळला, तो पाजल्यावर मेलेला माणूससुद्धा उठून पळाला असता. इनासच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती.

"बोला नकात, मेस्तांनू. गिळा! आमच्या सातेरी देवीकय नारळ बोललंय मी."

दुपारी फादर आले. त्यांनी इनासच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इनास, देवाच्या कामात तुझा गळा झिजला. उद्यापासून रोज संध्याकाळी तुझ्यासाठी नोव्हेना. साऱ्या गावाने नऊ दिवस प्रार्थना करायची. तू पहिल्या बाकावर बसायचंस."

झालं! एका रविवारची मिस्सा चुकवायला गेला आणि रोजचं चर्च गळ्यात पडलं. पाठ दुखते म्हणून इतरांना बाकावर बसायची सवलत होती, याला नव्हती. ज्याच्यासाठी गाव गुडघे टेकतोय त्याने बसून कसं चालेल? इनासच्या गुडघ्यांना बेलफळाएवढ्या गाठी आल्या. घरी परतावं तर दारात काढा!

आणि तेही परवडलं असतं. पण मेस्ताच्या जागी घंटा वाजवणारा पासकू गात होता! मनाने भला माणूस. आवाज मात्र तेल न घातलेल्या रहाटाचा. तो एका सुरात सुरू करी, मधेच दुसऱ्यात शिरे आणि तिसऱ्यात संपवी. इनास रुमाल तोंडात कोंबून ऐके. मागच्या बायका म्हणत, "बघा गो, मेस्त कितको सोसता!"

शेवटच्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पासकूला अर्थातच जोर चढला. त्याने पहिलाच सूर माडाच्या शेंड्यावर लावला. बायका निम्म्यावर चढून थांबल्या. पुरुषांनी खालूनच हात टेकले. पासकू एकटाच वर वर निघाला आणि इनासच्या तोंडातला रुमाल उडाला.

"मेल्या पासकू, खंय चाललस? खाली उतर! सूर खंय, तू खंय!"

साऱ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. इनासने तोंडावर हात ठेवला, पण फार उशिरा.

"मिलाग्र!" पासकूच ओरडला. "चमत्कार झालो! मेस्त बोललो!" आणि शिव्या खाल्लेला तो भला माणूस आनंदाने घंटा बडवायला धावला.

बातमी कट्ट्याच्या बाजारात पोचली तेव्हा मेस्त जन्माचा मुका होता. बांद्याला पोचेपर्यंत तो मेलेला उठला होता. लोक खोकणारी पोरं घेऊन दारात उभे राहू लागले. मिलाग्राच्या गळ्याची लदीन सगळ्यांनाच हवी झाली. संध्याकाळी तीन होत्या, त्या पाच झाल्या! अंगणात रोजालीन म्हणे, "माझ्या नोव्हेनाक देव पावलो," आणि गंगू म्हणे, "माझ्या नारळाक!" दोघींचं एकमत फक्त काढ्यावर होतं. तो चालूच राहिला.

शेवटी इनास कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, गेला. जाळीपलीकडे फादर, अलीकडे गुडघ्यांवर इनास.

"फादर, माझो आवाज गेलोच नव्हतो. माका फक्त झोपायचा होता."

पलीकडे फादर जाळीजवळ सरकले.

"इनास," फादर हळूच म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा माझी प्रार्थना फळली, असं वाटलं होतं रे मला."

इनासला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. थकवा त्याने पुष्कळ पाहिला होता, पण फादरच्या आवाजात होता तेवढा स्वतःच्या हाडांतही त्याला कधी सापडला नव्हता.

"माका प्रायश्चित्त द्या, फादर. काय म्हणशात ता करतंय. उपास करतंय. विजयदुर्गापर्यंत अनवाणी चलत जातंय!"

"चालत नको. तू दमलायस, ते खरंच आहे. तुला मदतीला माणूस हवा." फादरनी सुस्कारा सोडला. "रोज पहाटे पासकूला गाणं शिकव."

इनासचा घसा आता मात्र खरोखर कोरडा पडला.

"किती दिवस, फादर?"

"त्याला येईपर्यंत."