विनासनद खोकला

परदेशात कायद्याची पदवी घेतलेली व्यक्ती ही परदेशात कायद्याची पदवीधर असते. भारतात ती, पुढील आदेश होईपर्यंत, एक सर्वसामान्य व्यक्ती असते. यशराला ही गोष्ट इंग्लंडातल्या तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाने सांगितली नव्हती. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांना कायदा ठाऊक होता, नियम ठाऊक नव्हते.

यशराचं गाव दिवेआगरच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. तिचे वडील नजमुद्दीन यांनी कुवेतच्या बंदरात सव्वीस वर्षं क्रेन चालवली आणि सव्वीस वर्षं न समजणाऱ्या कागदांवर सह्या केल्या. घरात एक तरी माणूस कागद वाचून मग सही करणारं हवं, एवढीच त्यांची हौस. म्हणून मुलीला इंग्लंडला धाडलं. ती परतली त्या दिवशी एसटी स्टँडसमोर त्यांनी फ्लेक्स लावला : 'बॅरिस्टर यशरा यांचे हार्दिक स्वागत.'

"अब्बा, मी बॅरिस्टर नाही. एलएलबी आहे."

"अगो, एलएलबी तर पनवेलला पण मिळते. फ्लेक्सवर काय लिहू? पनवेलला मिळते ती इंग्लंडवरून आणली?"

हा युक्तिवाद खोडण्यासारखा नव्हता.

मग तिने मुंबईच्या मोठमोठ्या कायदा कंपन्यांकडे अर्ज केले. पहिल्या ठिकाणी पदवी पाहून साहेब उठून उभे राहिले, आणि वकिलीची सनद नाही म्हटल्यावर खाली बसले. दुसऱ्या ठिकाणी तिचं इंग्रजी ऐकून सांगितलं, की एवढं शुद्ध इंग्रजी ऐकलं की अशील घाबरतात, त्यांना वाटतं केस हरलो. तिसऱ्या ठिकाणी तिला इतक्या आदराने नाकारलं की लिफ्टपर्यंत सोडायला दोन माणसं आली. तिन्ही ठिकाणी निरोप एकच : आधी सनद आणा.

सनद देणारं कार्यालय मुंबईत होतं. खिडकी क्रमांक चारवर विनेश नावाचे एक अत्यंत सभ्य लिपिक बसत. त्यांनी कुणाचाही अपमान केला नव्हता आणि कुणाचंही काम केलं नव्हतं.

"मॅडम, तुमची पदवी समकक्ष असल्याचं सिद्ध करावं लागेल," ते म्हणाले.

"कशाशी समकक्ष?"

"ते अर्ज मंजूर झाल्यावर कळवण्यात येईल. हजेरीपट आणलाय?"

"तिथे हजेरी घेत नाहीत."

"म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत."

"गेले, म्हणून तर पास झाले!"

विनेश यांनी चष्मा काढून पुसला. "पास होणं हा हजेरीचा पुरावा धरता येत नाही, मॅडम. आपल्याकडे कितीतरी लोक न जाताच पास होतात. बरं, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं, असा दाखला?"

"इंग्लंडमध्ये?"

"देश कोणता, हे माध्यमाच्या रकान्यात येत नाही."

यशराने विद्यापीठाला पत्र लिहिलं. विद्यापीठाला ही बाब शोधायला थोडे दिवस लागले, कारण आपण इंग्रजीत शिकवतो असा ठराव त्यांच्या दप्तरात कुठेच सापडेना. अखेर कुलसचिवांनी स्वतःच्या सहीने दाखला पाठवला. विनेश यांनी तो उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला आणि परत दिला.

"ह्यावर शिक्का नाही. सही काय, कोणीही करतं."

त्या विद्यापीठाकडे शिक्काच नव्हता. नजमुद्दीन यांनी हे ऐकून चुटकी वाजवली. "एवढंच ना? माणगावला तासाभरात बनवून देतात. विद्यापीठाचं स्पेलिंग तेवढं सांग."

"अब्बा, तो गुन्हा आहे!"

"बघ," नजमुद्दीन बायकोकडे वळून अभिमानाने म्हणाले, "शिक्षणाचा उपयोग सुरू झाला."

शिक्क्याऐवजी नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र चालेल, अशी सवलत विनेश यांनी मोठ्या मनाने दिली. त्यात एकच अट होती. समकक्षता मिळाल्यावर दोन वर्षांचा जोड अभ्यासक्रम करावा लागणार होता, आणि तो अभ्यासक्रम, शिकवायला माणूस न मिळाल्यामुळे, अद्याप सुरू झालेला नव्हता. तोवर अर्ज विचाराधीन राहील, असं त्यांनी सांगितलं. तो दीड वर्ष राहिला.

ह्या प्रतिज्ञापत्रासाठी म्हणून यशरा तालुक्याच्या कोर्टात गेली आणि रामचंद्र वकिलांना भेटली. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. माणूस दिलदार. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी एकच मसुदा वापरला होता; दर वेळी फक्त नावं बदलायची. एकदा बदलायची राहिली, तेव्हा त्यांनी एका मयत इसमाला घटस्फोट मिळवून दिला होता, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंची काहीच तक्रार नव्हती.

"टायपिस्ट आज आला नाही," ते म्हणाले. "तूच लिही ना तुझं प्रतिज्ञापत्र."

यशराने पंधरा मिनिटांत लिहिलं. रामचंद्रांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "बेटा, माझ्याकडे येशील? वकील म्हणून नाही हां. तसं केलं तर दोघंही आत जाऊ. टायपिस्ट म्हणून ये."

अशा रीतीने इंग्लंडातली प्रथम श्रेणीची पदवी तालुक्याला लागली. घरी नजमुद्दीन यांनी पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली, की मुलगी कोर्टात असते. ते खोटं नव्हतं.

मनुबाईंचं प्रकरण ह्याच सुमारास आलं. मनुबाई विधवा, दिवेआगरात त्यांची सुपारीची लहानशी वाडी. वाडीकडे जायची पायवाट शेजारच्या जमिनीतून होती, आणि ती जमीन एका रिसॉर्टने घेतली. रिसॉर्टने पायवाटेवर भिंत घातली आणि भिंतीवर सुंदर अक्षरांत लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत आपले स्वागत असो.'

"चाळीस वर्सं त्या वाटेनं जातंय मी," मनुबाई टेबलाशी बसून म्हणाल्या. "आता वाडी समोर दिसते नि जाता येत न्हाय. सुपारी गळून जाग्यावर कुजते. वास येतो, तो पन भिंतीअलीकडनं घ्यायचा!"

यशराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. चार दिवस खपून तिने दावा तयार केला : वहिवाटीचा हक्क, जुने साक्षीदार, नकाशे, सगळं. इंग्लंडहून आल्यापासून पहिल्यांदाच तिला रात्री गाढ झोप लागली. रामचंद्रांनी दाव्यावर सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सही करण्याआधी वाचलं, आणि वाचून ते थोडे घाबरले.

"बेटा, हे मला कोर्टात बोलावं लागणार?"

"सर, मी मागच्या बाकावर बसते. तुम्ही अडलात की मी खोकेन. एकदा खोकले तर हो, दोनदा खोकले तर नाही."

सुनावणीला सुरुवात चांगली झाली. न्यायाधीशांनी विचारलं, वहिवाट वीस वर्षांहून जुनी आहे का? मागे एक खोकला झाला. "होय, साहेब!" रामचंद्र गरजले. वाडीला जायला दुसरी वाट आहे का? दोन खोकले. "मुळीच नाही, साहेब!" मनुबाईंनी पदराने डोळे पुसले. आपला वकील एवढा हुशार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रामचंद्रांनाही नव्हतं.

मग रिसॉर्टचे वकील उठले. ते मुंबईहून आले होते आणि त्यांचा कोट खरोखर काळा होता. ते म्हणाले, चक्रीवादळात झाडं पडून ही वाट चार महिने बंद होती. म्हणजे वहिवाट खंडित झाली. म्हणजे हक्क संपला.

"खंडित झाली का?" न्यायाधीशांनी विचारलं.

दोन खोकले. "नाही, साहेब."

"का नाही?"

आता 'का'ला खोकला ठरलेला नव्हता. रामचंद्रांनी घाम पुसला, टेबलावरचे कागद चाळले, पंख्याकडे पाहिलं. मनुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. यशराने ओठ दाबून धरले. आपल्याला उत्तर येतं, ते ह्या खोलीत दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि आपण बोललो तर गुन्हा होतो, हे तिला एकदम असह्य झालं. तिला खोकल्याची मोठी उबळ आली. उबळीत, श्वास न घेता, ती बोलून गेली : "वाट वाऱ्याने अडवली, मालकाने नाही! मालकाने अडवली तरच वहिवाट तुटते!"

सगळं कोर्ट मागे वळून बघू लागलं.

"साहेब," रिसॉर्टचे वकील ताडकन उठले, "माझी हरकत आहे. ह्या खोकल्यात युक्तिवाद आहे!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं आणि सांगितलं, "खोकल्याची नोंद घेऊ नये. मुद्दा ग्राह्य आहे."

निकाल मनुबाईंच्या बाजूने लागला. भिंत पडली. त्या दिवशी मनुबाई डोक्यावर सुपारीचं पोतं घेऊन त्या वाटेने चालत बाहेर आल्या, तेव्हा यशरा रस्त्यावर उभी राहून बघत होती. तिला जोरजोरात ओरडावंसं वाटत होतं, पण सवयीने तिने तेही केलं नाही. मनुबाईंनी हार रामचंद्रांच्या गळ्यात घातला आणि एक काढ्याची बाटली यशराच्या हातात दिली.

"दिवसातनं तीनदा घे, बाय. जुनाट खोकला हाय तुझा. अंगावर काढू नको."

दीड वर्षात यशराच्या अर्जाला एकही उत्तर न देणाऱ्या कार्यालयाकडून निकालानंतर सातव्या दिवशी रजिस्टर पत्र आलं. रिसॉर्टच्या वकिलांच्या तक्रारीवरून आलेली ती नोटीस होती. 'कायद्याचे संपूर्ण व सखोल ज्ञान असताना आपण सनद नसताना जाणूनबुजून खोकल्याद्वारे वकिली केली. सबब, आपणाविरुद्ध चौकशी का करू नये?'

यशराने ती नोटीस तीनदा वाचली आणि आनंदाने धावत खिडकी क्रमांक चार गाठली. "विनेशजी, बघा! तुमच्याच कार्यालयाने लेखी कबूल केलंय. संपूर्ण व सखोल ज्ञान! आणि हो, शिक्काही आहे. आता समकक्षता द्या."

विनेश यांनी नोटीस वाचली. त्यांनाही आनंद झाला. "पुरावा अगदी पक्का आहे, मॅडम. पण चौकशी चालू असलेल्या व्यक्तीला समकक्षता देता येत नाही."

"आणि चौकशी चालू नसती तर?"

"तर पुरावा नसता."

चौकशी समितीपुढे तीन ज्येष्ठ सभासद बसले होते. आरोपीला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, त्याला सनद लागत नाही, हे यशराला माहीत होतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती उघडपणे, पूर्ण वाक्यांत, उभं राहून बोलली. पाऊण तास बोलली. खोकला ही शारीरिक क्रिया असल्याचे दाखले दिले. नजमुद्दीन मागे बसून ऐकत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ह्या वेळी न कळण्याचं त्यांना दुःख झालं नाही. बोलणं संपलं तेव्हा मधल्या सभासदांनी नकळत टाळी वाजवली आणि मग हात टेबलाखाली नेले.

निर्णय महिन्याभरात आला : 'ज्या अर्थी सदर व्यक्तीने आपली बाजू अत्यंत निष्णातपणे मांडली, त्या अर्थी सदर व्यक्तीस वकिली करता येते हे निःसंशय सिद्ध होत आहे, आणि ज्या अर्थी सनद नसता वकिली करता येणे हाच सदर व्यक्तीवरील आरोप आहे, त्या अर्थी आरोप सिद्ध होत आहे. पाच वर्षे सनदेसाठी अर्ज करण्यास मनाई.'

"मी अडखळत बोलले असते तर?" तिने फोनवर विचारलं.

"तर निर्दोष सुटला असतात," विनेश हळहळले. "पण मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं भाषण वरपर्यंत गेलंय. तो जोड अभ्यासक्रम आठवतो ना? त्याला शिक्षक मिळाला."

"कोण?"

"तुम्ही. पात्रता, परदेशी कायद्याची पदवी. सनद नसलेली चालेल, असं खास लिहून घेतलंय."

यशरा हसली. मग तिच्या लक्षात आलं, की पदवी पाहून तिला देऊ केलेली ही पहिलीच नोकरी आहे. "मग शिकवता शिकवता मी तोच अभ्यासक्रम पूर्णही करू शकते?"

"शिक्षकाला विद्यार्थी म्हणून प्रवेश नाही, मॅडम. हितसंबंध येतात."

यशराने नोकरी घेतली. शनिवार-रविवारी ती घरी येते आणि रामचंद्रांचे मसुदे लिहून देते; फक्त सुनावणीला जात नाही. तिच्या वर्गात आज बेचाळीस जण आहेत : लंडनचे, ऑस्ट्रेलियाचे, दोघं कॅनडाचे. सगळे हुशार, सगळे खोकतात छान. पुढच्या तुकडीची यादी विनेश आत्तापासून करतायत. परवा तुम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर तुमच्या लेकीचा विमानतळावरचा फोटो टाकलात ना, पाठीवर सॅक, हातात पासपोर्ट, खाली 'आमची भावी वकील'? फोटो सुरेख आलाय. विनेश यांचं एवढंच म्हणणं आहे, की अर्जावर लावायचा तर पार्श्वभूमी पांढरी हवी.