कडेची ओळ

समोरच्या तात्यांनी आमची बेल पहिल्यांदा वाजवली ती काचेचा ग्लास मागायला. घरात स्टीलचे डझनभर असताना काचेचाच कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "स्टीलमधून दिसत नाय ना सर. फिनेल आन् साबणाचं पाणी एकत्र करायचंय. फाटतंय का बघतो." तेव्हापासून तो ग्लास त्यांच्याकडेच आहे. आम्ही परत मागितलेला नाही, आणि आता त्यातून पाणी प्यायची आमची छातीही नाही.

तात्यांनी उभा जन्म विंचूरजवळ द्राक्षबागेत काढला. पुढे काकूंचा मधुमेह वाढला, तिथून डॉक्टर लांब पडायला लागले, म्हणून बाग मुलाकडे सोपवून दोघं आमच्या मखमलाबाद रस्त्यावरच्या इमारतीत आले. बाग सुटली, बागायतदार काही सुटला नाही. आभाळ भरून आलं की तात्या अजून गॅलरीत येऊन हवालदिल होतात. खाली बघावं तर नुसतं पार्किंग. माझ्या नातीला खोकला झाला तेव्हाही त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं आणि "हवा रोगाची हाय" असं सांगून टाकलं.

त्यांचे दोन नियम सगळ्या इमारतीला पाठ आहेत. दोन औषधं ड्रममध्ये ओतण्याआधी ग्लासात थोडी थोडी मिसळून बघायची. नासलेल्या दुधासारखी फाटली तर एकत्र मारायची नाहीत. आणि नाही फाटली तरी सगळ्या बागेवर एकदम फवारायचं नाही. आधी फक्त कडेच्या ओळीवर मारायचं आणि वाट बघायची. "कडेची ओळ जळली तर जळली. बाग वाचती." एका साली दुकानदाराच्या शब्दावर विसंबून त्यांनी हे केलं नाही आणि ऐन घडांवर आलेली बाग करपली. ही गोष्ट ते कितीतरी वेळा सांगतात आणि प्रत्येक वेळी काकू उठून स्वयंपाकघरात जातात.

काकूंना इन्सुलिन तात्याच देतात. सुई काकूंच्या पोटात जाते आणि डोळे तात्या मिटतात. मागे एकदा काकूंची साखर एकदम उतरली. अंग घामानं भिजलं, हात कापायला लागले आणि त्या तात्यांना आपल्या भावाच्या नावानं हाका मारू लागल्या. तेव्हापासून तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा असतो. त्यामुळे मुंग्याही असतात. लिफ्टमध्ये बोलता बोलता ते छाती खाजवतात, तेव्हा नव्या भाडेकरूंना त्यांच्या हृदयाची काळजी वाटते.

तर अशा या माणसाला डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात सांगितलं, की काकूंची साखर नुसत्या इन्सुलिनला दाद देत नाही, तेव्हा डोस वाढवत बसण्यापेक्षा सोबत एक गोळी सुरू करू. गाडी माझी असल्यामुळे मीही तिथे होतो. गोळी जेवणाआधी घ्यायची, जेवण चुकवायचं नाही, सुरुवातीला साखर वरचेवर तपासायची, सगळं बाईंनी नीट समजावलं. तात्यांनी एकच प्रश्न विचारला. दोन्ही एकत्र चालतात का? चालतात, बऱ्याच जणांना देतो, असं बाई म्हणाल्या.

"आमचा दुकानदारबी असंच म्हणला होता," तात्या म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

संध्याकाळी, काकूंच्या नकळत, आमच्या ग्लासात गोळीची पूड पडली, वर इन्सुलिनचे थेंब पडले. मला साक्षीला बोलावलं होतं. पूड मुकाट्यानं तळाशी बसली. फाटलं नाही. मी म्हटलं, झालं समाधान? उद्यापासून सुरू करा. तात्यांनी मान हलवली, पण चेहरा सुटला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ते आभाळाकडे बघू लागले. तिसऱ्या दिवशीही तेच. काकूंना म्हणे त्यांनी गोळी दुकानात संपलीय असं सांगितलं होतं. मला राग येऊ लागला होता, आणि भीतीही वाटत होती. इकडे काकूंची साखर चढत होती.

मग एका सकाळी दार जोरात वाजलं. काकू अनवाणी उभ्या होत्या.

"सर, यांना बघा हो. माझ्यासारखं होतंय यांना."

तात्या खुर्चीत बसले होते. सदरा घामानं चिकटलेला, हात कापत होते, बोलणं जड. त्यांच्या खिशातला गूळ काढून काकू त्यांना भरवत होत्या, जरा बळजबरीनंच. टेबलावर गोळ्यांची पट्टी पडली होती आणि ग्लासात गेलेल्या गोळीशेजारचं आणखी एक घर रिकामं होतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, साखरपाणी पाजत ताबडतोब घेऊन या. गाडीत मागच्या सीटवर काकू त्यांना घोट घोट पाजत राहिल्या.

दुपारपर्यंत सलाइननं ते माणसात आले. गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून बाईंनी त्यांना ठेवून घेतलं. ज्याला मधुमेहच नाही त्यानं ही गोळी उपाशीपोटी घेणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्या चांगल्या खडसावून बोलल्या. "काकूंची गोळी उद्यापासून, माझ्यासमोर," असंही बजावून गेल्या. मग माझी पाळी आली.

"तात्या, तुम्हाला कधी साखर होती?"

"नाय."

"मग गोळी का घेतली?"

तात्या हळू आवाजात म्हणाले, "बाग एकच हाय सर. तिच्यावर एकदम कसं मारू?"

काकू कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि, नवऱ्याशी न बोलता, मला म्हणाल्या, "आन् कडेची ओळ जळली असती तर बागेनं काय करायचं व्हतं, तेवढं विचारा यांना."

एवढ्या वर्षांत बागेच्या बाजूनं तात्यांनी कधी विचारच केला नव्हता. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. ते चाचपतच राहिले, तशा काकू उठल्या, आपला कमरेचा बटवा सोडला आणि त्यातला गुळाचा खडा त्यांच्या खिशात टाकला.